पायातले लगाम

बुटांवर पांढरे डाग पुन्हा उमटले होते.

हेस्टरनं जेवणाच्या टेबलावर जुना पेपर पसरला होता आणि त्यावर नवऱ्याचे गुडघ्यापर्यंत येणारे काळे बूट उभे केले होते. एका हातात फ्लॅनेलचा तुकडा, दुसऱ्यात पॉलिशची डबी. ती बुटांकडे बघत होती ते एखाद्या हट्टी पोराकडे बघावं तसं.

"काल संध्याकाळी आरशासारखे करून ठेवले होते. आज सकाळी हा घालून तबेल्यात गेला, तासाभरात परत आला, आणि बघ."

"कशाचे डाग आहेत?" ईनिडनं विचारलं. ती सकाळच्या गाडीनं लंडनहून आली होती आणि आल्याआल्या आईनं तिच्या हातात नव्या बटाट्यांची टोपली दिली होती.

"मातीचे. दुसऱ्या कशाचे असणार?"

टॅपस्कॉटांच्या घरात पांढरा डाग म्हणजे माती, हे ठरलेलं होतं. कंबरपट्टे, हातमोजे, घोड्याच्या गळ्यातली दोरी, सगळं पांढऱ्या ओल्या मातीनं रंगवायचं, वाळवायचं, झटकायचं. आजोबा जोसाया लष्कराच्या घोडेस्वार दलात, म्हणजे कोअरमध्ये, बँडचे नगारची झाले तेव्हापासून ही माती घरात होती. चहात पडली तरी कुणी कप बदलत नसे. तिसऱ्या पिढीत ईनिड शिकली, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, तेव्हा तिच्या पहिल्या पांढऱ्या कोटाकडे बघून बाबा म्हणाले होते, "चला, हिलाही माती लागली."

उद्या सोमवारी बँडचं शेवटचं घोड्यावरचं संचलन होतं. कोअरकडे आता लॉऱ्याच लॉऱ्या होत्या. उद्यानंतर बँड पायी चालणार होता, आणि नगाऱ्यांचा घोडा सॉलोमन पेन्शनीत जाणार होता.

ईनिडनं कोरडं फडकं घेऊन एक डाग घासला. गेला नाही. तिनं जरा जोर लावला. माती असती तर भुकटी होऊन उडाली असती. मग तिनं बोट ओलं करून टेकवलं, आणि डाग विरघळला. बोटाला अंगठा लावून उचलला तर किंचित चिकटलं.

"बूट रोज कुठं ठेवता, आई?"

"मागच्या पायरीवर. का?"

ईनिड उठून मागच्या दाराशी गेली. पायरीच्या फटीतून मुंग्यांची रांग निघाली होती. बूट जिथं ठेवत असत तिथवर येऊन ती आता गोंधळून गोल फिरत होती. मातीसाठी मुंग्या एवढी पायपीट करत नाहीत.

ती परत येऊन बसली आणि बटाटा सोलायला घेतला. सोलून झालेलाच पुन्हा सोलत होती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"बाबा पाणी फार पितात का हल्ली?"

"उन्हाळा आहे. घोड्यापेक्षा जास्त पितो. ईस्टरपासून मी उशाशी जग भरून ठेवते."

"आणि बारीक झालेत."

"झालाय." हेस्टरच्या चेहऱ्यावर अभिमान आला. "कोअरच्या शिंप्यानं परवा लाल कोट दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच आत घेतला. म्हणाला, मिस्टर टॅपस्कॉट, तुम्ही लग्नाच्या मापावर आलात."

ईनिडनं चाकू खाली ठेवला. प्रयोगशाळेत आठवड्याला लघवीचे चाळीस नमुने तिच्या हातून जात. निळ्या द्रावणात थेंब टाकायचे, उकळायचं, आणि विटेसारखा लाल रंग आला की कागदावर लिहायचं. तिनं कागदावर बरंच लिहिलं होतं. पण कागदावरच्या नावांना बूट नसतात.

"आई, ती माती नाही. साखर आहे. बाबा उभ्यानं मोरीवर जातात, शिंतोडे बुटांवर उडतात. पाणी वाळतं, साखर राहते."

हेस्टरला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तिनं आधी बूट टेबलावरून उचलून खाली ठेवले, जेवणाचं टेबल होतं म्हणून. मग पेपरची घडी केली.

"हे उद्यानंतर बोलायचं," ती म्हणाली. "परवा सकाळी मी स्वतः त्याला इस्पितळात घेऊन जाईन. पण उद्या नाही. ऐकतेस ना?"

ईनिडनं मान डोलावली. एका दिवसानं तसा फरक पडणार नव्हता. हे तिला त्या वेळी तरी खरं वाटत होतं.

*

एक वाजता सगळे जेवायला बसले. क्लेमंटकाका नाताळातल्या भांडणानंतर पहिल्यांदाच या घरात आला होता. त्यालाही एके काळी नगाऱ्यांमागची बैठक हवी होती. ती थोरल्या भावाला, रूबेनला, मिळाली, मग त्यानं लॉरी धरली, आणि नाताळच्या जेवणात "तुझा घोडा म्हणजे सरकारी खर्चानं पोसलेलं खेळणं" असं म्हणून टेबल सोडून गेला होता. आज तो रबार्बचा टार्ट घेऊन आला होता आणि भावाशी जपून बोलत होता.

"उद्या आम्हालाही पूर्ण पोशाख," क्लेमंट म्हणाला. "टाचांना स्पर लावून. कोअर घोडेस्वारांची, म्हणून आम्ही लॉरीवालेही घोडेस्वार. क्लच दाबताना दर वेळी तो काटा अडकतो. लॉरीला टाच मारून पाहिली, पळत नाही."

"पेट्रोल घालतोस ना?" रूबेननं विचारलं. "मग चारा घालून बघ."

गिल्बर्ट हसला नाही. ईनिडचा हा धाकटा भाऊ बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, बापाच्या मागच्या रांगेत, राखाडी घोडीवर. एरवी बापाच्या विनोदाला पहिला तोच हसे. आज मटणावर पुदिन्याची चटणी ओतून तो नुसता ढवळत होता.

"याला काय झालंय?" क्लेमंटनं विचारलं.

"लाज वाटतेय," रूबेन म्हणाला. "वाटलीच पाहिजे. गुरुवारच्या तालमीत याची घोडी उधळली आणि थेट सॉलोमनच्या कुशीवर आदळली. बँडप्रमुख पेल्हमसाहेबांनी याला सगळ्या बँडसमोर झाडलं. टॅपस्कॉट आडनावाच्या माणसाला घोडी आवरत नाही, असं माझ्या कानांनी ऐकायला लागलं."

गिल्बर्टनं मान वर केली नाही. रूबेननं पाण्याचा ग्लास संपवला, पुन्हा भरला, पुन्हा संपवला. ईनिड मोजत होती. चौथा.

जेवण झाल्यावर रूबेन खुर्चीत मागे रेलला आणि पाय पुढे केले. "क्लेमंट, ओढ रे जरा. लहानपणी ओढायचास तसे."

क्लेमंट कुरकुरत उठला. पण त्या कुरकुरीत समेट होता, हे सगळ्यांनाच कळलं. त्यानं भावाच्या डाव्या पायातला रोजचा बूट टाचेला धरून ओढला. बूट आला, मोजा अर्धाच आला. उरलेला तळव्याला चिकटला होता, आणि तपकिरी झाला होता.

"हे काय?"

क्लेमंटनं बुटात हात घातला आणि झटकन बाहेर काढला. त्याच्या बोटाला रक्ताचा थेंब आला होता. तळातून एक खिळा चांगला अर्धा इंच वर आलेला होता.

"यावर चालत होतास? कधीपासून?"

"असेल," रूबेन म्हणाला. "कातडं निबर झालंय. तीस वर्षं रिकिबीत पाय घातल्यावर तुझंही होईल."

हेस्टर गरम पाणी घेऊन आली. ईनिडनं खाली बसून मोजा सोडवला. जखम आजची नव्हती. कडा पांढुरक्या झाल्या होत्या. तिनं बोटानं कडेला दाबलं आणि वर पाहिलं. बाबा क्लेमंटशी लॉरीच्या टायरबद्दल बोलत होते.

तिला उद्याचा घोडा आठवला. नगारची दोन्ही हातांत टिपऱ्या धरतो. त्याला लगाम धरायला हात उरत नाही, म्हणून ते रिकिबींना बांधलेले असतात. सबंध घोडा, खांद्यापाशी सहा फूट उंच, नगाऱ्यांसकट टनभर वजनाचा, तो फक्त पायांनी वळवतो. पाय जितका मागे, तितका लगाम ताणला जातो. जोसाया आजोबा म्हणत, हात वाजवतात ते लोकांना ऐकू येतं, पाय बोलतात ते फक्त घोड्याला.

"बाबा, डोळे मिटा," ती म्हणाली. "मी पायाच्या बोटांना हात लावते. कुठलं ते सांगा."

"आता काय, लंडनचे खेळ?"

"खेळ समजा."

रूबेननं डोळे मिटले. त्याला मजा वाटत होती. ईनिडनं अंगठा धरला.

"अंगठा."

तो तिनं मुद्दाम जोरात ओढून धरला होता. मग तिनं हलकेच करंगळीला स्पर्श केला.

"मधलं."

"बरं. आता?"

"त्याच्या शेजारचं."

"आता?"

"करंगळी. हे तर सोपं आहे."

"आणि आता?"

"पुन्हा अंगठा. झालं? पास की नापास?"

रूबेननं डोळे उघडले. समोर जमिनीवर ईनिड बसली होती आणि तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. त्यानं क्लेमंटकडे पाहिलं. क्लेमंट तिच्या हातांकडे बघत होता. हेस्टरच्या हातातला फडका वाकडा पिळला गेला होता.

"शेवटच्या तीन वेळा मी हात लावलाच नाही, बाबा."

*

पुढचा अर्धा तास या कुटुंबात जे झालं, ते ईनिडनं आधी कुणी सांगितलं असतं तर खरं मानलं नसतं. जे ज्या बाजूला उभे राहतील असं वाटलं होतं, ते त्या बाजूला नव्हते.

तिनं सगळं सांगितलं. रक्तातली साखर. तहान, वजन, बुटांवरचे डाग. पायाच्या नसा बधिर होतात हेही. रोज सुई टोचून घ्यावी लागेल, पण माणूस त्यावर वर्षानुवर्षं जगतो. रूबेन ऐकत होता आणि आपल्या पायाकडे असा बघत होता, जसं काही कुणी शेजाऱ्यानं तो इथं ठेवून दिलाय.

"बरं," तो म्हणाला. "परवा जातो."

"परवाचं ठीक आहे. पण उद्या तुम्ही घोड्यावर बसू नका."

"उद्या मी बसणार."

"वीस मिनिटांचा प्रश्न आहे, पोरी," क्लेमंट म्हणाला. ईनिडला तो आपल्या बाजूनं बोलेल अशी खात्री होती. "मैदानाला एक फेरा. सॉलोमनला वाट पाठ आहे. मी या माणसाशी आयुष्यभर त्या बैठकीवरून भांडलोय. त्याला तिथून कुणी ओढून उतरवलेलं बघायला मी आलो नाही. उद्या होऊ दे."

"सॉलोमनला वाट पाठ आहे म्हणजे काय, काका? मग त्याला लगाम कशाला हवेत?"

"फार शिकलीस."

"हिचं बरोबर आहे, पण एक दिवस," हेस्टर मध्ये पडली. "एकच दिवस, ईनिड. तू कबूल केलं होतंस."

"तेव्हा मला पायाचं माहीत नव्हतं, आई. डावीकडे प्रेक्षकांच्या दोरीशी उद्या कोण बसणार आहे?"

हेस्टरला ते ठाऊक होतं. डावीकडे शाळांची मुलं बसणार होती. शाळेसाठी बनचे ट्रे भरणाऱ्या बायकांत ती स्वतः होती.

"माझा डावा पाय मला कळतो," रूबेन म्हणाला. त्याचा आवाज आता चढला होता. "तीस वर्षं मी तो घोडा वळवतोय. दोन मिनिटं बोटं चाचपून तू मला सांगणार?"

"गुरुवारी वळला नव्हता."

गिल्बर्ट बोलला होता. इतक्या हळू, की सगळ्यांना ते ऐकू आलं.

"काय म्हणालास?"

"गुरुवारी सॉलोमन वळला नाही, बाबा. तो डावीकडे सरकत चालला होता. दोरीपासून तीन यार्ड. तुम्ही वाजवत होतात, समोर बघत होतात. मी घोडी मधे घातली आणि त्याला खांद्यानं ढकललं. ती उधळली नव्हती."

ईनिड भावाकडे बघत राहिली. त्याला सगळ्या बँडसमोर शिव्या बसल्या होत्या. घरी आल्यावर बापानं वेगळ्या दिल्या होत्या. तीन दिवस तो गप्प होता.

"आणि मला सांगितलं नाहीस," रूबेन म्हणाला.

"सांगून काय झालं असतं? तुमच्यानंतर बैठक माझी. सगळे म्हणाले असते, बापाला उतरवून पोराला एकदा तरी बसायचं होतं."

"मग आता का सांगतोस? तेच हवंय म्हणून?"

हे शब्द सुटले आणि रूबेनला ते परत घ्यायचे होते, हे ईनिडला दिसलं. पण त्या घरात शब्द परत घ्यायची रीत नव्हती. गिल्बर्टचा चेहरा पांढरा पडला.

"ज्या दिवशी घोड्यावरचा बँडच संपतोय त्या दिवसाची बैठक," तो म्हणाला. "ती घेऊन मी काय करू, बाबा? भिंतीवर टांगू?"

हेस्टरनं फडका टेबलावर टाकला. "पुरे. चला."

"कुठं?"

"रिंगणात. इथं बसून कोण कुणाचं ऐकणार आहे? घोडा सांगेल."

*

रविवारी दुपारी तबेल्यात दोनच जवान होते, तेही चाऱ्याच्या गंजीला टेकून पेंगत होते. छप्पर असलेलं मोठं रिंगण रिकामं होतं. खाली लाकडाचा भुसा, वर काचेतून येणारा पिवळा उजेड.

चांदीचे नगारे कुलपात होते. सरावाचे लाकडी नगारे सॉलोमनवर चढवले. ईनिडनं दोन घोंगड्या मागितल्या.

"कशाला?" क्लेमंटनं विचारलं.

"उद्या नगाऱ्यांवर जरीच्या झुली असतील. त्या पावलांपर्यंत येतात. बाबांना स्वतःचे पाय दिसणार नाहीत. रोजच्या फिरवण्यात ते पाय बघून वळवत असणार, त्यांच्याही नकळत. आज दिसता कामा नयेत."

रूबेन काही म्हणाला नाही. पायाला पट्टी बांधून, वर उंच बूट चढवून, तो ओट्यावरून घोड्यावर बसला. बसला तो असा, की ईनिड दोन पावलं मागे सरकली. पाठ सरळ, कोपर बाहेर, टिपऱ्या हनुवटीसमोर आडव्या धरलेल्या. कोट साधा होता, डोक्यावर तुऱ्याचं शिरस्त्राण नव्हतं, पण ते नव्हतं हे आठवून काढावं लागत होतं. तिला वाटलं, आपली चूक असावी. तिनं मनापासून तसं व्हावं म्हणून वाट पाहिली.

"लांबच्या भिंतीला जाऊन उजवीकडे वळायचं," ती म्हणाली. "डावीकडे न सरकता."

उजवीकडे वळायचं तर उजवा लगाम ताणायचा, आणि डावा पाय जागच्या जागी पुढं सोडून ढिला ठेवायचा. डाव्या पायाला काहीच करायचं नव्हतं. फक्त तो कुठं आहे हे माहीत असायला हवं होतं.

हेस्टर चालत रिंगणाच्या पलीकडच्या टोकाला गेली. डाव्या कोपऱ्यापाशी थांबून तिनं भिंतीला पाठ लावली आणि हात पुढं बांधले.

"बाजूला हो, हेस्टर," रूबेन म्हणाला.

"इथं उद्या पोरं असतील."

"बाजूला हो म्हणतो."

"तू वळवणार आहेस ना? मग मी कशाला हलू?"

नवराबायको लांबून एकमेकांकडे बघत राहिले. मग रूबेननं टिपऱ्या खाली आणल्या.

लाकडी नगाऱ्यांचा आवाज बद्द होता, पण ताल तोच. लहानपणी ईनिड या तालावर झोपायची. सॉलोमन मोठमोठी पावलं टाकत निघाला. पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांचं त्याचं धूड भुश्यावर आवाज न करता सरकत होतं. पहिले तीस यार्ड सरळ. रूबेन समोर बघत होता, उद्या बघेल तसा, वरती, कुणाच्याही डोक्यांच्या वर.

मग घोडा डावीकडे झुकू लागला. आधी एवढंसं, की ती नजरेची चूक वाटावी. ईनिडनं भुश्यातल्या खुरांच्या ओळीकडे पाहिलं. ओळ वाकडी होती.

"उजवीकडे, बाबा."

"घेतोय."

त्याचा उजवा गुडघा मागे गेला. सॉलोमननं मान उजवीकडे वळवली, पण धड डावीकडेच चाललं. डाव्या बाजूनं काहीतरी त्याला ओढत होतं. घोडा बिचारा दोन्ही हुकूम एकाच वेळी पाळत होता.

हेस्टर दहा यार्डांवर होती. मग सहा. गिल्बर्ट पुढं धावला, क्लेमंटनं त्याचा दंड धरला आणि लगेच सोडून दिला.

"रूबेन," क्लेमंट ओरडला.

ताल चुकला नाही. हेस्टर हलली नाही. तिनं फक्त डोळे मिटले.

सॉलोमन थांबला. त्याचं नाक हेस्टरच्या खांद्यापासून हातभर होतं. रूबेननं त्याला थांबवलं नव्हतं. पुढं भिंत होती म्हणून तो थांबला. घोडा भिंतीत जात नाही. उद्या तिथं भिंत नसणार, दोरी असणार.

नगारे थांबले. ईनिड धावत पोचली आणि तिनं डावीकडची घोंगडी वर उचलली.

रूबेननं वाकून खाली पाहिलं. त्याचा डावा पाय रिकिबीत नव्हताच. तो कधीतरी बाहेर सुटला होता, आणि लगामाच्या वादीत जाऊन अडकला होता. रूबेन घोड्याला चालवायला मांड्या दाबत होता आणि दर दाबाबरोबर तो पाय वादी मागं ओढत होता. बोटं खाली, मेल्या कोंबडीच्या पंजासारखी लोंबत होती. त्यानं पाय हलवायचा म्हणून हलवला. गुडघा हलला. पाऊल कुठं आहे हे बघितल्यावरच त्याला कळलं.

"मला वाटलं रिकिबीत आहे," तो म्हणाला. कुणाला उद्देशून नाही. "मला ती रिकीब लागत होती. शपथ घेऊन सांगितलं असतं."

हेस्टरनं डोळे उघडले. ती भिंतीपासून सुटी झाली, पुढे आली आणि नवऱ्याचं पाऊल दोन्ही हातांनी धरून वादीतून सोडवलं.

"उतर," ती म्हणाली. हा हुकूम नव्हता.

*

खोगिरांच्या खोलीत तेलाचा आणि जुन्या चामड्याचा वास होता. रूबेन बाकावर बसला. गिल्बर्ट बाहेर सॉलोमनला गवत देत होता. क्लेमंट दारात उभा राहून पाइप भरत होता आणि पेटवायला विसरत होता.

"मी पेल्हमसाहेबांकडे जाऊन येतो," शेवटी क्लेमंट म्हणाला. "भाऊ म्हणून. तू नको जाऊस."

"नाही. माझी बैठक आहे, मीच सांगणार." रूबेननं ईनिडकडे पाहिलं. "पण तोंडानं मला ते जमायचं नाही. साहेबासमोर उभा राहिलो की मी म्हणेन, सगळं ठीक आहे साहेब. तीस वर्षांची सवय आहे. तू लिहून दे. दोन ओळी. मी त्या हातात देईन."

ईनिडनं पर्समधून प्रयोगशाळेची वही काढली, रेघा मारलेला कागद फाडला आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं.

"'सार्जंट रूबेन टॅपस्कॉट यांच्या रक्तात साखर वाढली आहे व त्यामुळे त्यांचा डावा पाय बधिर झाला आहे. या कारणानं ते उद्या नगाऱ्यांच्या घोड्यावर चढू शकत नाहीत.'"

"ते चूक आहे."

"कुठलं, बाबा?"

"चढू शकत नाही, ते. चढू शकतो. आत्ताच चढलो, तुम्ही सगळ्यांनी पाहिलं." त्यानं बोटानं ती ओळ दाखवली. "'वळवू शकत नाही' लिही. जेवढं खरं आहे तेवढंच."

ईनिडनं ते शब्द खोडले. रोजच्या कामात ती असं खोडायची नाही, नवा कागद घ्यायची. पण खोडलेला शब्द साहेबांना दिसावा, असं तिला वाटलं. तिनं वर लिहिलं : वळवू शकत नाहीत.

"आता खाली लिही. माझ्या जागी ट्रम्पेटर गिल्बर्ट टॅपस्कॉट याला बसवावं. आणि लिही, की गुरुवारी त्याची घोडी उधळली नव्हती. त्यानं ती मुद्दाम मधे घातली, आणि का घातली ते. साहेबांनी हे उद्या बँडसमोर वाचावं. झाडलं होतं तिथंच."

"ते वाचतील?"

"मी कधी काही मागितलं नाही त्यांच्याकडे. वाचतील."

तिनं लिहिलं. त्यानं पेन्सिल घेतली आणि खाली सही केली, हुद्दा आणि नंबर घालून, पगाराच्या दिवशी करायचा तशी. मग उठला. हेस्टरनं त्याच्या कोटाच्या पाठीवरचा भुसा झटकला, कॉलर सरळ केली. क्लेमंट दारातून बाजूला झाला, आणि भाऊ बाहेर पडल्यावर त्याच्या मागोमाग न जाता शेजारी चालू लागला.

गिल्बर्ट सॉलोमनच्या मानेला टेकून उभा होता. बाप येताना दिसला तसा तो ताठ झाला. रूबेन त्याच्यापाशी थांबला. काहीतरी बोलायचं होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं घोड्याच्या कुशीवर हात ठेवला, खोगिराखालून रिकिबीची वादी चाचपली, बकलापर्यंत बोटं नेली.

"दोन भोकं वर घे," तो म्हणाला. "तुझे पाय माझ्याइतके लांब नाहीत. आणि टाच जोरात नको मारूस. त्याला हळू बोललेलंही समजतं."

मग तो कागद घेऊन पेल्हमसाहेबांच्या बंगल्याच्या दिशेनं निघाला.